टाचणातला वर्ग आणि समोरचा वर्ग
बारामती-इंदापूरच्या प्राथमिक शाळांत भावी शिक्षक काय शिकतात?

बारामती - सकाळच्या एस.टी.त हातात गुंडाळलेले तक्ते, पिशवीत शब्दपट्ट्या आणि खडूची पेटी घेऊन बसलेले तरुण-तरुणी दिसले, की नेहमीचे प्रवासी ओळखतात, अध्यापक विद्यालयाची मुले पाठ घ्यायला निघाली आहेत. रात्री जागून लिहिलेले पाठ टाचण त्यांच्या वहीत असते. त्यात प्रस्तावना, हेतुकथन, विषयविवेचन, संकलन, उपयोजन आणि गृहपाठ असे सारे टप्पे क्रमाने आखलेले असतात. कोणता प्रश्न विचारायचा आणि त्यावर विद्यार्थी काय उत्तर देतील, हेही लिहिलेले असते. वर्गात पाऊल ठेवल्यावर पहिल्या पाच मिनिटांतच लक्षात येते, की ते उत्तर कोणीच देत नाही. प्राथमिक शिक्षकाचे खरे शिक्षण येथून सुरू होते.

वीस आठवडे शाळेत

पूर्वी 'डी.एड.' या नावाने घराघरात माहीत असलेला अभ्यासक्रम आता 'डी.एल.एड.' म्हणून ओळखला जातो. बारावीनंतरच्या या दोन वर्षांच्या पदविकेत बालमानसशास्त्र, विषयांच्या अध्यापनपद्धती आणि मूल्यमापन शिकविले जाते. सूक्ष्म अध्यापनात छात्राध्यापक आपल्याच सहाध्यायांना विद्यार्थी समजून पाच-सात मिनिटांचा पाठ घेतो. प्रश्न विचारणे, फलकलेखन, उदाहरण देणे अशी एकेक कौशल्ये तेथे सुटी सुटी घोटून घेतली जातात. त्यानंतर सराव पाठ आणि शेवटी आंतरवासिता, म्हणजे प्रत्यक्ष शाळेत राहून शिक्षकाची सर्व कामे करणे.

राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या विनियमांनी या शालेय अनुभवासाठी किमान २० आठवडे ठरवून दिले. त्यामागे महाराष्ट्राचाच संदर्भ होता. राज्यातील तब्बल २९१ डी.एड. महाविद्यालयांच्या मान्यतेचा वाद सर्वोच्च न्यायालयात पोचला. त्यातून न्यायमूर्ती जे. एस. वर्मा यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला आणि त्याने २०१२ मध्ये अहवाल दिला. भावी शिक्षकाचा शाळेशी येणारा संबंध चार-दोन पाठांपुरता राहू नये, ही भूमिका त्यानंतरच्या नियमांत ठळकपणे उतरली.

एका खोलीत दोन इयत्ता

बारामती आणि इंदापूर हे तालुके नकाशावर शेजारी असले, तरी त्यांतील वर्ग एकसारखे नाहीत. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर वाढलेला उसाचा पट्टा, सुपे-मोरगाव परिसरातील जिरायती वाड्या, बारामतीच्या औद्योगिक वसाहतीलगतच्या कामगारवस्त्या आणि भिगवणकडील उजनी जलाशयाचा काठ, असे चार निराळे परिसर या दोन तालुक्यांत आहेत. छात्राध्यापकाला कोणती शाळा मिळते, यावर त्याचा अनुभव ठरतो.

वाडीवस्तीवरच्या द्विशिक्षकी शाळेत पहिला धक्का बसतो. शिक्षण हक्क कायद्याच्या निकषानुसार साठपर्यंत पट असलेल्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक मिळतात. इयत्ता मात्र चार किंवा पाच असतात. साहजिकच एका खोलीत पहिली-दुसरी आणि दुसऱ्या खोलीत तिसरी-चौथी बसते. टाचण एका इयत्तेचे आणि वर्ग दोन इयत्तांचा! चौथीला भागाकार समजावून द्यावा, तर तिसरीची मुले रिकामी बसतात आणि रिकामी मुले गप्प बसत नाहीत.

अनुभवी शिक्षक यातून कसा मार्ग काढतात, हे मागच्या बाकावर बसून पाहणे हा निरीक्षणाच्या दिवसांतील मोठा धडा असतो. एका इयत्तेला स्वयंअध्ययनाचे काम देऊन दुसरीला शिकविणे, गोष्ट किंवा परिसर अभ्यासाचा विषय दोघांना एकत्र शिकवून प्रश्न निरनिराळ्या पातळीचे काढणे, वाचता येणाऱ्या मुलाला न येणाऱ्याशेजारी बसविणे, असे अनेक उपाय त्यांच्या हाताशी असतात. पुस्तकात 'बहुवर्ग अध्यापन' या शीर्षकाखाली दोन पानांत संपणारा हा विषय शाळेत दिवसभर चालतो. शिवाय परिपाठ, पोषण आहाराच्या नोंदी, पालकांच्या भेटी आणि वर मागितलेली माहिती भरून पाठविणे ही कामे असतातच. शिक्षकाच्या दिवसातील किती वेळ शिकविण्यासाठी उरतो, हे छात्राध्यापकाला प्रथमच उमगते.

गळीत हंगामातली हजेरी

आंतरवासितेचे आठवडे साखर कारखान्यांच्या गळीत हंगामात आले, तर अनुभव आणखी वेगळा असतो. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर येथील कारखान्यांच्या परिसरात दिवाळीच्या सुमारास बीड, अहिल्यानगर आदी जिल्ह्यांतून ऊसतोडणी मजुरांच्या टोळ्या येतात. त्यांच्याबरोबर मुलेही येतात आणि कोप्यांमध्ये राहतात. आईवडील पहाटेच फडात जातात. धाकट्या भावंडाला सांभाळण्याचे काम आठ-नऊ वर्षांच्या मुलीकडे येते.

एकेकाळी या मुलांसाठी कारखान्यांच्या आवारात साखरशाळा चालत. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाल्यावर अशा मुलांना जवळच्या नियमित शाळेत, वयानुरूप वर्गात दाखल करून घेण्यावर भर आला. दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. कायद्याने दार उघडले, पण दारातून आत आलेल्या मुलाचे काय करायचे, हे वर्गातील शिक्षकालाच ठरवावे लागते. वयाने चौथीत बसणारे मूल दरवर्षी चार-पाच महिने शाळेला मुकलेले असेल, तर ते वाचनात दुसरीतच अडखळलेले असू शकते. टाचणातील 'पूर्वज्ञान' हा रकाना अशा वेळी कोरा राहतो.

तरीही पूर्वज्ञान नसते असे नाही. ते निराळे असते. ज्या मुलाने मोळी बांधताना पाहिली आहे, त्याला दहा काड्यांची एक मोळी म्हणजे एक दशक, हे चटकन समजते. उजनीच्या काठावरील मासेमार कुटुंबातील मुलाला चिलापी, मरळ, वाम हे मासे नावानिशी ठाऊक असतात. जलाशयावर रोहित पक्षी केव्हा उतरतात, हेही ते सांगते. जिरायती भागातील मेंढपाळाच्या मुलाला कळपाची मोजदाद करता येते, फक्त ती कागदावर मांडता येत नाही. मुलाला काय येत नाही, याऐवजी काय येते येथून सुरुवात करायची, हे तत्त्व प्रत्येक छात्राध्यापकाने परीक्षेत लिहिलेले असते. त्याचा अर्थ त्याला येथे कळतो.

बोली आणि पुस्तक

दुसरी अडचण भाषेची. घरची बोली बोलणारे मूल पुस्तकी प्रश्नापुढे गप्प होते आणि नवखा शिक्षक त्याला 'मागे पडलेले' समजतो. औद्योगिक वसाहतीतील परप्रांतीय कामगारांच्या मुलांना तर मराठीच नवी असते. उच्चार सुधारण्याच्या नादात मूल बोलायचेच थांबले, तर पुढचे सारे अडते.

या प्रश्नावर मूलभूत काम नीरेपलीकडेच झालेले आहे. अमेरिकेतून येऊन फलटणला स्थायिक झालेल्या आणि १९७८ मध्ये भारतीय नागरिकत्व घेतलेल्या भाषाशास्त्रज्ञ डॉ. मॅक्सीन बर्नसन यांनी फलटणच्या मराठी बोलीतील सामाजिक भेदांवर डॉक्टरेट केली. त्यांनी १९८४ मध्ये प्रगत शिक्षण संस्था स्थापन केली आणि पुढे कमला निंबकर बालभवन ही शाळा उभी केली. मुलाची बोली वर्गात सन्मानाने येऊ द्यावी, मुळाक्षरे क्रमाने घोकून घेण्याऐवजी मोजक्या अक्षरांतून अर्थपूर्ण शब्द वाचायला द्यावेत, प्रमाण मराठीकडे हळूहळू न्यावे, ही त्यांच्या कामाची दिशा. बारामतीच्या छात्राध्यापकाला हे शिकण्यासाठी फार दूर पाहण्याची गरज नाही.

पुढे काय?

दोन दशकांपूर्वी डी.एड.च्या प्रवेशासाठी रांगा लागत. शिक्षकभरती रोडावली तशी ही गर्दी ओसरली आणि अनेक विद्यालये बंद पडली. पदविका मिळाली तरी शिक्षक पात्रता परीक्षा आणि अभियोग्यता चाचणी हे टप्पे पार करावे लागतात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने तर २०३० पर्यंत चार वर्षांची एकात्मिक बी.एड. ही शिक्षकाची किमान पात्रता करण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. दुसरीकडे, सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२३ च्या निकालात पहिली ते पाचवीच्या वर्गांसाठी बी.एड. पदवी पात्र धरता येणार नाही, असे स्पष्ट केले. लहान मुलांना शिकविणे हे स्वतंत्र कौशल्य असून, त्यासाठी स्वतंत्र प्रशिक्षण हवे, हा त्यातील गाभा.

पदविका राहो वा पदवी येवो, हे कौशल्य वर्गातच येणार आहे. म्हणूनच आंतरवासितेचे काय होते, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. शिक्षक कमी असलेल्या शाळेत छात्राध्यापकाकडे रिकामा वर्ग सोपवून मोकळे व्हायचे, की त्याच्या पाठाला कोणी बसायचे, चुकले कोठे ते सांगायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा संधी द्यायची? पहिल्या प्रकारात वीस आठवडे फक्त भरतात. दुसऱ्या प्रकारात शिक्षक घडतो. मार्गदर्शक प्राध्यापकाची भेट सहीपुरती उरली आणि मुख्याध्यापकाचा शेरा 'पाठ समाधानकारक' एवढाच राहिला, तर त्याची किंमत पुढे तीस वर्षे त्या शिक्षकाच्या वर्गात बसणारी मुले मोजतात.

मार्च-एप्रिलमध्ये कारखान्यांचे बॉयलर थंडावतात. टोळ्या गावाकडे परततात आणि हजेरीपटावरील काही नावांपुढे रेघा ओढल्या जातात. त्याच सुमारास छात्राध्यापकही निरोप घेतात. त्यांपैकी एखाद्याच्या हातून एखादे मूल वाचू लागलेले असते. ती नोंद करण्यासाठी टाचणात रकाना नसतो.