गल्लीत लपलेलं घड्याळ

जयसिंगपुरात कुणाचाही पत्ता विचारा, उत्तर आकड्यात येतं. "सातवी गल्ली." "अकरावी गल्ली, कोपऱ्यावरचं घर." पाहुण्यांना याची गंमत वाटते. तुम्हाला वाटत नाही, कारण त्याच गल्लीतून तुम्ही रोज सायकल दामटत शाळेला जाता. पण दोस्तांनो, त्या आकड्यांमागे एक गोष्ट आहे आणि त्या गल्लीत एक घड्याळ आहे.

आधी गोष्ट. जुन्या गावांत आधी घरं होतात आणि उरलेल्या जागेतून वाट निघते. म्हणून तिथले बोळ वाकडेतिकडे. जयसिंगपूरचं उलटं झालं. मिरज-कोल्हापूर रेल्वे 1891 साली सुरू झाली, तेव्हा इथल्या स्टेशनाचं नाव होतं शिरोळ रोड. पुढे 1917 मध्ये राजर्षी शाहू महाराजांनी रुळांच्या बाजूला नवी व्यापारी पेठ वसवली आणि तिला आपल्या वडिलांचं, जयसिंगराव घाटगे यांचं नाव दिलं. इथे आधी कागदावर रेघा आल्या, मग रस्ते, मग घरं. रेघा सरळ आणि एकमेकींना काटकोनात. गल्ल्यांना ओळीने नंबर देता आले ते त्यामुळेच!

आता घड्याळ. गल्लीतला विजेचा खांब शोधा. त्याच्याजवळच गटारीची सिमेंटची कड सरळ रेघेसारखी गेलेली असते. खांबाची सावली सकाळपासून हळूहळू फिरते. फिरता फिरता एक क्षण असा येतो, की सावली त्या कडेला अगदी समांतर होते, वहीतल्या दोन रेघांसारखी. ती वेळ लिहून ठेवा. लगेच चौकात पळा आणि आडव्या गल्लीतला खांब बघा. त्याची सावली रस्ता थेट काटकोनात ओलांडत असेल. महाराजांच्या काळात आखलेला काटकोन तुम्ही सूर्याकडून तपासून घेतलात! आठ दिवसांनी पुन्हा बघा, वेळ थोडी सरकलेली असेल. एखाद्या गल्लीत हिवाळ्यात हा क्षण येणारही नाही. तेही लिहा, कारण न दिसणं हीसुद्धा नोंदच असते. फक्त सूर्याकडे थेट बघायचं नाही. आपलं काम सावलीशी.

आणि वर्षातून दोनदा तर सावलीच गायब होते.

जून महिन्यात सूर्य उत्तरेला साडेतेवीस अंशांपर्यंत जातो आणि परत फिरतो. जयसिंगपूर आहे पावणेसतरा अंशांच्या आसपास. म्हणजे जाताना एकदा आणि येताना एकदा तो बरोबर आपल्या डोक्यावरून जाणार. जाताना 7 मेच्या सुमारास, येताना 5-6 ऑगस्टला. ऑगस्टात ढग असतात, म्हणून मे महिनाच बरा. दिल्लीच्या मुलांना हा दिवस कधीच मिळत नाही, कारण सूर्य तेवढा वर जातच नाही.

वेळ मात्र दुपारी बाराची नाही, साधारण 12 वाजून 28 मिनिटांची. भारताचं घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशावर लावलेलं आहे, आणि आपण त्याच्या बरेच पश्चिमेला. म्हणून आपल्याकडे सूर्य माथ्यावर यायला जवळजवळ अर्धा तास जास्त लागतो.

त्या दिवशी स्वयंपाकघरातला उभ्या भिंतींचा रिकामा स्टीलचा डबा अंगणात ठेवा, झाकण काढून. एरवी डब्याच्या आत एका बाजूला चंद्रकोरीसारखी सावली पडलेली असते. ती बारीक, आणखी बारीक होत जाते आणि मग अख्खा तळ उजळतो.

असाच एक दगडी डबा आपल्या शिरोळ तालुक्यात आहे. खिद्रापूरचं कोपेश्वर मंदिर, बाराव्या शतकातलं, शिलाहार राजांच्या काळातलं. त्याच्या स्वर्गमंडपाचं छत मधोमध गोल उघडं आहे आणि बरोबर खाली जमिनीवर गोल शिळा आहे, भोवती बारा खांब. सूर्य माथ्यावर आला की वरच्या गोलातलं ऊन खालच्या गोलावर उतरतं. त्रिपुरी पौर्णिमेला मध्यरात्री लोक तिथे चंद्र बघायला जमतात. त्यामागचं कारण ऐकाल तर चकित व्हाल. पौर्णिमेचा चंद्र नेहमी सूर्याच्या समोरच्या बाजूला असतो. नोव्हेंबरात सूर्य दक्षिणेला गेलेला असतो, म्हणून चंद्र उत्तरेकडे येतो. मे महिन्यात सूर्य आकाशाच्या ज्या भागात होता, साधारण त्याच भागात! म्हणून तो मध्यरात्री जवळजवळ आपल्या माथ्यावर असतो.

खिद्रापूरला जायला मोठ्यांना विचारावं लागेल. गल्लीला आणि अंगणाला कुणाची परवानगी लागत नाही. 7 मेला शाळेला सुट्टीच असते. सव्वाबारालाच डबा घेऊन बाहेर या, आणि शेजारच्या गल्लीतल्या मित्रांनाही हाक मारा.