फुकट मिळणाऱ्या सरकारी माहितीला पैसे का मोजताय?

मागच्या महिन्यातल्या बॅचमध्ये एक ताई होत्या. घरी मसाले करतात, आता जरा मोठं करायचंय. फाइल उघडून अभिमानाने उद्यम नोंदणीचं सर्टिफिकेट दाखवलं. मी विचारलं, "किती खर्च आला?" म्हणाल्या, "अडीच हजार, सर. सरकारी फी आहे ना."

ही सरकारी फी नाही. उद्यम नोंदणी 1 जुलै 2020 पासून सुरू झाली आणि पहिल्या दिवसापासून ती मोफत आहे. कागद अपलोड करायचे नाहीत, स्वयंघोषणा असते, दरवर्षी नूतनीकरणही नाही. आधार, पॅन आणि आधारला जोडलेला मोबाइल एवढं लागतं. जीएसटी नंबर फक्त ज्यांना कायद्याने घ्यावा लागतो त्यांनीच द्यायचा. ज्यांच्याकडे पॅन आणि जीएसटीचे कागद नाहीत अशा अगदी छोट्या व्यावसायिकांसाठी जानेवारी 2023 मध्ये उद्यम असिस्ट प्लॅटफॉर्मही आला. हे सगळं मंत्रालयाच्या पोर्टलवर लिहिलेलं आहे. ताई तिथे पोचल्याच नाहीत. गुगलवर शोधलं, सगळ्यात वर जी साइट आली ती उघडली. तिरंगी पट्टी होती, फॉर्म तसाच दिसत होता, शेवटी पैसे भरायचं बटण होतं.

अडीच हजार गेले, ठीक आहे, सर्टिफिकेट तरी खरं निघालं. त्याच बॅचमधल्या एका दादांचं नुकसान मात्र मोठं होतं.

त्यांनी गावात तेलघाणा टाकला. कुणीतरी सांगितलं, "आधी मशीन घे, युनिट चालू कर, मग पीएमईजीपीची सबसिडी मी काढून देतो." दादांनी सोनं गहाण ठेवून मशीन घेतलं, घाणा चालू झाला, आणि मग कळलं की पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम नव्या युनिटसाठी आहे. आधीपासून चालू असलेलं युनिट त्यात बसत नाही. हिशोब करून बघा. 8 लाखांचा प्रकल्प, ग्रामीण भाग, सर्वसाधारण प्रवर्ग. स्वतःचे 10 टक्के म्हणजे 80 हजार, बाकीचं बँक देते आणि सबसिडी 25 टक्के, म्हणजे 2 लाख रुपये. महिला, अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी वगैरे विशेष प्रवर्गाला ग्रामीण भागात 35 टक्के. दादांचे 2 लाख एका ओळीपायी गेले. ती ओळ योजनेच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये आहे आणि त्या पोर्टलवर कुणालाही वाचता येतात.

तिथेच आणखी एक गोष्ट लिहिलेली आहे जी एजंट सहसा सांगत नाही. सबसिडी तुमच्या हातात येत नाही. ती बँकेत तुमच्या नावाने 3 वर्षं अडकवून ठेवतात, तेवढ्या रकमेच्या कर्जावर व्याज लागत नाही आणि युनिट नीट चाललं तर नंतर ती कर्जात वळती होते. "सबसिडी आली की माझे वीस टक्के" असं कुणी म्हणालं तर समजून जा, की हे वीस टक्के तुमच्या खिशातून जाणार आहेत.

आता तुम्ही म्हणाल, सर, सरकार माहिती देतं कुठे, लपवतंच तर. पूर्वी हे बऱ्यापैकी खरं होतं. पण माहिती अधिकार कायदा, 2005 मधलं कलम 4 बघा. त्यात म्हटलंय की नागरिकाला अर्ज करायची वेळच येऊ नये इतकी माहिती कार्यालयांनी स्वतःहून, इंटरनेटसह वेगवेगळ्या माध्यमांतून जाहीर करावी. पोर्टलं ही तुमच्यावरची मेहेरबानी नाही. पोर्टलं चांगली आहेत का? सगळी नाहीत. काहींची मराठी अशी असते की इंग्रजी परवडली. ओटीपी येत नाही, ऐन शेवटच्या तारखेला सर्व्हर बसतो. चिडायला हरकत नाही, पण चिडून एजंटकडे जाण्याआधी निदान एकदा वाचा.

खरी साइट कशी ओळखायची? पत्त्याचा शेवट बघा. पहिल्या तिरप्या रेघेच्या आधी पत्ता 'जीओव्ही डॉट इन' किंवा 'एनआयसी डॉट इन'ने संपला पाहिजे. पत्त्याच्या मधेच कुठेतरी 'जीओव्ही' किंवा 'उद्यम' घुसवलेलं असेल तर त्याला काही अर्थ नाही, ते कुणीही घुसवू शकतं. आणि शोधताना वर 'प्रायोजित' लिहिलेलं दिसलं तर ती जाहिरात आहे, सोडून खाली या.

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या जीआरचं काय? हे माझं आवडतं. महाराष्ट्र शासनाच्या प्रत्येक शासन निर्णयाच्या शेवटी एक वाक्य असतं, की हा निर्णय संकेतस्थळावर उपलब्ध आहे आणि त्याचा सांकेतांक अमुक आहे. सांकेतांक म्हणजे वर्षाने सुरू होणारा लांबलचक आकडा. तो शासनाच्या जीआरच्या साइटवर टाका. जीआर खरा असेल तर तिथे पीडीएफ सापडते. सापडलीच नाही, तर तो जीआर पुढे पाठवू नका. आणि सापडल्यावर नुसता विषय वाचून थांबू नका. पात्रता, शेवटची तारीख आणि हा जीआर नंतरच्या एखाद्या निर्णयाने बदललाय का, हे तीन बघा.

बदलतं म्हणून तर सांगतोय. माझाच एक जुना व्हिडिओ अजून फिरतोय. त्यात सूक्ष्म उद्योगाची मर्यादा 1 कोटी गुंतवणूक आणि 5 कोटी उलाढाल अशी सांगितली आहे. तेव्हा ते बरोबर होतं. 1 एप्रिल 2025 पासून ती अडीच कोटी आणि 10 कोटी झाली. पीएमईजीपीचंही तसंच. 2022 मध्ये प्रकल्पाची मर्यादा उत्पादनासाठी 25 लाखांवरून 50 लाख आणि सेवेसाठी 10 वरून 20 लाख झाली. म्हणून मी सांगितलेलंही तपासा. वरची टक्केवारी, अर्ज सध्या घेतायत का, सगळं पोर्टलवर बघूनच पुढे जा.

कुठली योजना आपल्याला बसते हेच माहीत नसेल तर केंद्राचं मायस्कीम पोर्टल आहे, जुलै 2022 मध्ये सुरू झालेलं. वय, राज्य, प्रवर्ग भरला की यादी येते. यादीत नाव आलं म्हणजे पैसे मिळाले असं नाही, पण शोध कुठून सुरू करायचा ते कळतं. त्यानंतर जिल्हा उद्योग केंद्रात जा. हातात छापील सूचना असली, त्यातल्या ओळीवर बोट ठेवून प्रश्न विचारला, की टेबलापलीकडचा माणूसही वेगळं बोलतो, हा माझा अनुभव.

एक गैरसमज नको. तुमच्यातले काहीजण स्वतः सेवा केंद्र चालवतात. फॉर्म भरून देणं, स्कॅन करणं, प्रिंट काढणं हे काम आहे आणि त्याचे पैसे घेतलेच पाहिजेत. फक्त पावतीवर "फॉर्म भरण्याचे शुल्क" असं लिहा, "सरकारी फी" असं नको. गिऱ्हाईक परत येतं ते यानेच.

तेलघाण्याच्या दादांनी आता दुसऱ्या योजनांच्या सूचना स्वतः डाउनलोड करून वाचायला घेतल्यात. परवा फोन आला, "सर, 'संपार्श्विक तारण' म्हणजे काय?" म्हटलं, कर्जासाठी बँकेकडे ठेवायचं जादा तारण, घर-जमीन वगैरे. म्हणाले, "मग तारण असंच लिहायचं ना." बरोबर आहे त्यांचं.

पुढच्या व्हिडिओत उद्यमचा फॉर्म पहिल्यापासून शेवटपर्यंत स्क्रीनवर भरून दाखवतो. तोपर्यंत आधारला कुठला मोबाइल नंबर जोडलाय आणि तो चालू आहे का, ते बघून ठेवा. ओटीपी त्याच नंबरवर येतो.