आजीच्या बाकावरचे चौदा प्रश्न

‘गेल्या दोन आठवड्यांत तुम्हाला उदास वाटलं का?’ वाचायला किती सोपा प्रश्न! पण रात्र रात्र झोप नसलेली, हातपाय गळून गेलेली, डोक्यात सतत विचारांचा भुंगा असलेली एखादी बाई या प्रश्नाला सरळ ‘नाही’ म्हणेल, आणि ती खोटं बोलत नसेल. आपल्या त्रासाकडे तिनं कधी उदासी म्हणून पाहिलेलंच नसतं. मानसशास्त्रातली प्रश्नावली फसते ती बहुतेकदा इथेच. लोक काय बोलतात हे ऐकण्याआधी प्रश्न लिहून झालेले असतात.

हा क्रम उलटा करून दाखवणारं एक काम झिंबाब्वेत झालं. मुंबईत जन्मलेले मनोविकारतज्ज्ञ विक्रम पटेल १९९०च्या दशकाच्या पूर्वार्धात हरारे शहरात होते. तिथल्या शोना भाषक रुग्णांसाठी प्रश्नावली हवी होती. इंग्रजीतली तयार प्रश्नावली भाषांतरित करणं सोपं होतं. पटेल आणि त्यांचे सहकारी मात्र आधी मुलाखतींकडे वळले. दवाखान्यातले रुग्ण, परिचारिका, पारंपरिक वैदू अशा सगळ्यांना त्यांनी मोकळे प्रश्न विचारले. काय होतंय? कशामुळे झालं असं वाटतं? याला तुम्ही काय म्हणता? अशा बोलण्यात ‘कुफुंगिसिसा’ हा शब्द वारंवार येई. अति विचार करणं, असा त्याचा अर्थ. लोकांच्या लेखी हा त्रासही होता आणि त्रासाचं कारणही.

लोकांच्या तोंडच्या अशा शब्दांतून चौदा प्रश्नांची शोना प्रश्नावली तयार झाली. ती १९९७मध्ये प्रसिद्ध झाली. गेल्या आठवड्यात तुम्ही फार विचार करत होता का? क्षुल्लक गोष्टीवरून संताप आला का? पोट दुखलं का? कामं मागे पडली का? रडावंसं वाटलं का? जीव द्यावासा वाटला का? रेन्सिस लायकर्ट यांनी १९३२मध्ये मांडलेली, ‘पूर्ण सहमत’ ते ‘पूर्ण असहमत’ अशी पाच पायऱ्यांची उत्तरं इथे नाहीत. फक्त हो किंवा नाही. कागद न वाचता येणाऱ्या माणसाला तोंडी विचारायला हेच बरं. पोटदुखी आणि आत्महत्येचा विचार एकाच यादीत असणं मला फार मोलाचं वाटतं, कारण दवाखान्यात आलेला माणूस सुरुवात पोटापासूनच करतो.

मुलाखत माणसाचं बोलणं उलगडते, पण तिच्यात दोन माणसांची तुलना करणं अवघड. प्रश्नावली तुलना करू देते, पण जे विचारलंच नाही ते तिला कधीच कळत नाही. म्हणून आधी मुलाखत आणि मग प्रश्नावली, हा क्रम मला नुसत्या सोयीचा वाटत नाही, तो न्यायाचा वाटतो. धोका दोन्हींत आहे. समोरच्याला आपण चांगलं दिसावं म्हणून माणसं उत्तरं सावरून देतात. हा कल मोजण्यासाठी क्राउन आणि मार्लो यांनी १९६०मध्ये तेहतीस विधानांची एक वेगळी चाचणीच तयार केली होती. त्यामुळे प्रश्न कोण विचारतंय, याला शब्दांइतकंच महत्त्व येतं.

हरारेत ते काम आज्यांकडे आलं. मनोविकारतज्ज्ञ डिक्सन चिबांडा यांनी २००६मध्ये एम्बारे वस्तीत ‘फ्रेंडशिप बेंच’ हा उपक्रम सुरू केला. दवाखान्याच्या आवारात एक लाकडी बाक आणि त्यावर प्रशिक्षण घेतलेली, त्याच वस्तीतली वयस्क बाई. ती हेच चौदा प्रश्न विचारते आणि मग त्या माणसाच्या अडचणींवर त्याच्याबरोबर बसून वाट शोधते. चोवीस दवाखान्यांतल्या, नऊ किंवा त्याहून जास्त ‘हो’ आलेल्या ५७३ जणांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१६मध्ये आले. सहा महिन्यांनंतर बाकावर बसलेल्यांचा सरासरी गुणांक चारच्या खाली होता, नेहमीचे उपचार मिळालेल्यांचा नऊच्या आसपास.

झिंबाब्वेनंतर पटेल गोव्यात आले आणि १९९६मध्ये ‘संगत’ या संस्थेच्या स्थापनेत त्यांचा सहभाग होता. गोव्यात त्यांनी आणि सहकाऱ्यांनी केलेल्या एका अभ्यासात सुमारे अडीच हजार बायका होत्या. अंगावरून पांढरं जातं ही तक्रार घेऊन कितीतरी बायका डॉक्टरकडे जातात, आणि त्यावर सहसा जंतुसंसर्गाचं औषध दिलं जातं. या अभ्यासात प्रयोगशाळेतल्या तपासण्यांबरोबर मनाच्या त्रासाबद्दलची ठरावीक मुलाखतही घेतली गेली. २००५मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत या तक्रारीचा संबंध संसर्गापेक्षा मानसिक आणि सामाजिक ताणाशी अधिक घट्ट दिसला. नुसती तपासणी झाली असती, तर त्यातल्या बऱ्याच जणींना ‘तुम्हाला काही झालेलं नाही’ एवढंच ऐकून घरी जावं लागलं असतं.