गोड्या पाण्याची बोट, खाऱ्या पाण्याचा व्यवहार

गोंदिया जिल्ह्यातून अरबी समुद्र गाठायचा तर महाराष्ट्र आडवा ओलांडावा लागतो. तरी पाणी आमच्या अंगवळणी आहे. नवेगावबांध, इटियाडोह, बोदलकसा, चोरखमारा अशी तळी आणि धरणं, पूर्वेकडून येणारी वाघ नदी, पश्चिमेला वैनगंगा. आमच्याकडचा ढिवर, म्हणजे मासेमार, पोरवयातच डोंगा चालवायला शिकतो. मीही इथलाच. तरुणपणी नौदलात गेलो, इंजिनांच्या खात्यात नोकरी झाली आणि निवृत्तीनंतर अर्जुनी मोरगाव तालुक्यात परतलो. आता गावात कोणाची मोटर बंद पडली की माझ्याकडे येते. पावसाळ्याच्या तोंडावर पुराच्या बोटींवरच्या ओबीएम, म्हणजे मागे बाहेरून लावायच्या मोटरीही पाहायला बोलावतात.

माझा भाचा मालवणला असतो. तारकर्ली-देवबागच्या पर्यटकांसाठी त्याला वेगवान बोट घ्यायची होती. नवी परवडणारी नव्हती, म्हणून जुन्या बोटींचा शोध सुरू झाला. त्यातल्या दोन त्याच्या मनात भरल्या. एक गोव्यात समुद्रातच वापरलेली. दुसरी पुण्याजवळच्या एका धरणात, हौशी मालकानं सुट्टीच्या दिवशी फिरवलेली. दोन्हींमध्ये पेट्रोलवर चालणारं सहा सिलिंडरचं इंजिन बोटीच्या पोटात आणि पंख्याचा पाय मागे बाहेर, म्हणजे स्टर्नड्राइव्ह. त्याचा फोन आला, "मामा, धरणातली घेऊ ना? गोड्या पाण्यातली आहे, डोळे झाकून घ्यावी अशी."

मी म्हटलं, "घ्यायची तीच, पण डोळे झाकून नाही." आणि गोंदियाहून कोल्हापूरला जाणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस धरली.

समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात. बोटीचं इंजिन थंड ठेवायला गाडीसारखा रेडिएटर आणि पंखा लागत नाही, कारण खाली हवं तेवढं गार पाणी असतं. पंप ते पाणी आत ओढतो, इंजिनाच्या पोकळ्यांतून फिरवतो आणि एक्झॉस्टच्या वाटेनं बाहेर टाकतो. गोड्या पाण्यात ही सोय उत्तम चालते. समुद्रात मात्र तेच खारं पाणी ओतीव लोखंडाच्या अंगातून रोज फिरतं. इंजिन जास्त तापलं की क्षार आतल्या भिंतींवर धरू लागतात आणि वाटा अरुंद होत जातात. म्हणून थेट समुद्राच्या पाण्यावर थंड होणाऱ्या इंजिनाला साधारण 60 अंश सेल्सियसला उघडणारा थर्मोस्टॅट बसवतात. गोड्या पाण्यात 70च्या आसपासचा चालतो. धरणातली बोट थर्मोस्टॅट न बदलता समुद्रात नेली, तर पुट धरायला आपणच सुरुवात करून दिली असं होतं.

गोव्याची बोट आधी पाहिली. रंग झकास, गाद्या नव्या. मी मालकाची परवानगी घेऊन एका बाजूचा रायझर खोलायला लावला. रायझर म्हणजे एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर बसणारा ओतीव लोखंडाचा कोपरा. त्याच्या मधल्या वाटेनं तापलेला धूर जातो आणि भोवतालच्या पोकळीतून थंड करणारं पाणी. दोन्हींच्या मध्ये लोखंडाची एकच भिंत. बाहेरून तो ताज्या काळ्या रंगात चमकत होता. आत टॉर्च मारला तर गंजाचे पापुद्रे सुटलेले दिसले. पेचकसाच्या टोकानं खरवडलं तसा मूठभर कचरा खाली पडला आणि पाण्याच्या वाटेतली भोकं निम्मी बुजलेली निघाली. जोडाच्या सपाट कडेवर धुराच्या भोकाकडे जाणारा तांबूस ओघळ होता. मला पाहायचं होतं ते हेच. ही भिंत किंवा हा जोड फुटला की पाणी मागच्या वाटेनं सिलिंडरमध्ये उतरतं. पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वर येतो, पाण्यावर अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. किल्ली फिरवली की ठक्क असा एकच आवाज येतो आणि पुढे काही नाही.

खाऱ्या पाण्यात हे मॅनिफोल्ड आणि रायझर साधारण पाच-सात वर्षांत बदलायचे असतात. विकणाऱ्याकडे बदलल्याची पावती नसेल तर ते बदललेले नाहीत असंच धरून किंमत बोलावी. गोव्याच्या मालकाकडे पावती नव्हती. ती बोट आम्ही तिथेच सोडली.

मग धरणातली. तिचं मोल भाच्याला वाटत होतं त्यापेक्षा वेगळ्याच ठिकाणी होतं. खारं पाणी इंजिनात शिरूच नये यासाठी बंद कूलिंग बसवता येतं: इंजिनात कूलंट फिरतं, ते हीट एक्स्चेंजर नावाच्या नळ्यांच्या डब्यात येतं आणि समुद्राचं पाणी फक्त त्या नळ्यांतून जातं. इंजिनाच्या मुख्य लोखंडाला मीठ लागत नाही. मात्र वर्षानुवर्षं समुद्रात चाललेल्या इंजिनाला हे मागाहून बसवण्यात फारसा अर्थ नसतो, कारण आत आधीच पुट आणि गंज धरलेला असतो. कोऱ्या पोटाच्या इंजिनालाच ते करायचं, तेही पहिल्यांदा समुद्रात उतरण्याआधी. धरणातल्या बोटीला ही संधी शिल्लक होती. "एकदा मालवणच्या पाण्यात उतरवून बघू, मग बसवू" असं भाचा म्हणाला तेव्हा मी त्याला सक्त मनाई केली. रायझरमधून तरीही समुद्राचंच पाणी जाणार, म्हणून ते ठरावीक मुदतीनं बदलायचेच, हेही त्याच्या वहीत लिहून घ्यायला लावलं.

पाण्याखाली बसणाऱ्या त्यागी धातूच्या वड्याही बदलाव्या लागतात. ॲल्युमिनियमचा पाय, स्टीलचा पंखा आणि मधे खारं पाणी, एवढ्यानं आपोआप एक बॅटरी तयार होते आणि त्यात ॲल्युमिनियम झिजतं. त्याच्याऐवजी झिजायला दुसरा धातू लावायचा, ही युक्ती हम्फ्री डेव्ही यांनी 1824 मध्ये ब्रिटिश नौदलाच्या तांब्याचे पत्रे मारलेल्या जहाजांसाठी सुचवली होती. आजही पाण्याखाली धातू असलेल्या बहुतेक बोटी तिच्याच भरवशावर असतात. गोड्या पाण्यात मॅग्नेशियमच्या वड्या लावतात. समुद्रात त्या बघता बघता विरघळतात, तिथे जस्ताच्या किंवा ॲल्युमिनियमच्या हव्यात. उलट जस्ताच्या वड्या गोड्या पाण्यात राहिल्या की त्यांच्यावर साय धरते आणि त्या काम करेनाशा होतात. धरणातल्या बोटीला मॅग्नेशियमच्याच होत्या, म्हणजे मालक जाणता होता. एक गोष्ट मालवणकडच्या वाचकांसाठी: शंख-शिंपले धरू नयेत म्हणून मारतात तो तांब्याचा रंग ॲल्युमिनियमच्या पायाला चुकूनही लावू नका. तांबंच त्याला खातं.

वायरिंगही पाहिलं. स्विचमागच्या एका वायरचं रबर मी अर्धा इंच सोललं. आतली तांब्याची तार चकचकीत असावी, शक्यतो कथिलाचा मुलामा दिलेली पांढरी. ती काळी किंवा हिरवट निघाली की समजावं, ओल केसांसारख्या बारीक तारांमधून वरपर्यंत चढली आहे आणि ऐन लाटेत काहीतरी बंद पडणार आहे. इथे तार तांबडी पण साधी होती, मुलाम्याची नव्हती. धरणात ती चालली. समुद्रासाठी निदान पंपाच्या, दिव्यांच्या आणि इंजिनाच्या मुख्य तारा बदलायचं ठरलं.

ज्यावर मी कधीच तडजोड करत नाही ते यापुढचं. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती बोटीच्या तळाशी साचते आणि इंजिनही तिथेच असतं. म्हणून बोटीचा स्टार्टर आणि अल्टरनेटर ठिणगी बाहेर न पडू देणारे असतात. कारचा अल्टरनेटर दिसायला तसाच, बसतोही आणि स्वस्तही पडतो. जुन्या बोटीत तो बसवलेला दिसला तर आधी तो काढायला लावा, मगच किल्लीला हात घाला. सुरू करण्यापूर्वी चार मिनिटं ती वाफ बाहेर फेकणारा ब्लोअर चालवायचा, हा नियम घाईच्या गिऱ्हाइकासमोरही मोडायचा नाही.

सांगाड्याकडेही नीट पाहावं लागतं. चाळीस नॉट म्हणजे ताशी 74 किलोमीटर. त्या वेगात लाटेवर आपटताना सपाट तळाची बोट माणसाची कंबर मोडते. धरणाचं पाणी शांत, तिथे सपाट तळ पळतो छान. समुद्राला खोल इंग्रजी व्ही आकाराचा तळ लागतो. अमेरिकेच्या रेमंड हंट यांनी तो आकार घडवला आणि 1960च्या मायामी ते नसाऊ शर्यतीत रिचर्ड बर्ट्रम यांची 'मॉपी' खवळलेल्या समुद्रात पहिली आली, तेव्हापासून वेगवान बोटींची दुनिया त्या आकाराकडे वळली. भाच्याची बोट पूर्ण खोल व्हीची नव्हती, मध्यम होती. खाडी आणि किनाऱ्यालगत ठीक, बाहेरच्या लाटेत वेग आवरायचा, असं मी त्याला बजावलं. मग पाय जिथे जोडलेला असतो त्या मागच्या पाटीवर, म्हणजे ट्रान्समवर, छोटी हातोडी घेऊन बसलो. बाजारात मडकं वाजवून घेतात तसं इंच इंच वाजवलं. फायबरच्या आत प्लायवूड असतं. एखाद्या जुन्या स्क्रूच्या भोकातून पाणी मुरून ते कुजलं की खणखणीत आवाज बद्द होतो. कुजलेला ट्रान्सम बदलणं म्हणजे अर्धी बोट पुन्हा बांधणं. हा मात्र सगळीकडे खणखणीत वाजला.

चाचणीच्या सकाळी मी आधी इंजिनावर हात ठेवला. ते गारच हवं. विकणाऱ्यानं आधीच तापवून ठेवलेलं इंजिन काहीतरी लपवत असतं. सगळ्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजलं, एकमेकांत दहा टक्क्यांच्या आतच फरक निघाला. पायातलं गिअर ऑइल थोडं काढून पाहिलं, ते दुधाळ नव्हतं, म्हणजे सीलमधून पाणी शिरलेलं नव्हतं. टाकीतलं पेट्रोल मात्र उपसायला लावलं. आता पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते हवेतली ओल ओढतं, आणि महिनोन्महिने उभ्या बोटीत पाणी वेगळं होऊन तळाशी बसतं. जुने रबरी पाइप बदलले आणि पाणी वेगळं करणारा फिल्टर घातला.

वेगाची चाचणी वर्दळीपासून लांब घेतली. 18 डिसेंबर 2024 रोजी मुंबई बंदरात इंजिनाची चाचणी सुरू असलेली नौदलाची बोट ताबा सुटून 'नीलकमल' या प्रवासी बोटीवर आदळली आणि माणसं गेली. ज्या खात्यात माझी उमर गेली तिथली ती बातमी वाचून मला कित्येक रात्री झोप लागली नव्हती. थ्रॉटल अडकू शकतं हे धरूनच चाचणी घ्यायची. चालवणाऱ्याच्या अंगाला बांधलेली किल-स्विचची दोरी ओढून इंजिन खरंच बंद पडतं का, ते मी पूर्ण वेग घेण्याआधी दोनदा पाहिलं. कोणी कितीही हसो.

कागद पाहिल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. धरणातली नोंदणी समुद्रात चालेलच असं नाही. किनाऱ्यावर प्रवासी न्यायचे तर महाराष्ट्र सागरी मंडळाकडे जावं लागतं: तपासणी, नोंदणी, विमा, प्रवासी संख्या, चालकाचा परवाना, जॅकेटं. इंजिनाचा नंबर कागदावरच्या नंबराशी जुळवून पाहा. बोटीच्या पोटात वाकून टॉर्चनं तो वाचायचा कंटाळा करू नका.

सौदा झाला. हीट एक्स्चेंजर, जस्ताच्या वड्या, नवे रायझर, नवी वायरिंग हा सगळा खर्च भाच्यानं किमतीत आधीच धरला होता, त्यामुळे घासाघीस करताना तो डगमगला नाही. शेवटचा वाद झाला तो बोट ठेवायची कुठे यावर. त्याला ती खाडीत नांगरून ठेवायची होती, रोज ओढायची कटकट नको म्हणून. मी नाही म्हटलं. ट्रेलर जस्ताचा मुलामा दिलेलाच घ्यायचा, रोज संध्याकाळी बोट बाहेर काढायची, पायाच्या पाणी ओढणाऱ्या जाळीला पाइप लावून दहा मिनिटं गोडं पाणी फिरवायचं आणि ट्रेलरची चाकं, ब्रेकही धुवायचे. मेअखेरीला जलक्रीडा बंद झाली की ऑगस्टअखेरपर्यंत छपराखाली, टाकी आणि कूलंट तपासून, बॅटरी काढून ठेवायची. त्यानं विहिरीवरून जेटीजवळच्या शेडपर्यंत पाइप टाकला आहे, आणि आता पाण्याचा दाब कमी पडतो म्हणून वेगळी टाकी बसवायचं चाललं आहे.