वाऱ्यावरचे तळण

भाषांतराचे काम करणाऱ्याला कधी कधी एखादा क्षुल्लक शब्दच अडवून धरतो. ‘एअर फ्रायर’ या शब्दाने आम्हांला असेच अडविले. ‘वातभर्जक’ असा एक प्रतिशब्द सुचला होता; पण तो घेऊन दुकानात गेलेल्या गृहिणीला दुकानदार बहुधा औषधांच्या दुकानाची वाट दाखवील, म्हणून सोडून दिला. खरी अडचण निराळीच होती. इंग्रजीत तव्यावरच्या अंड्यापासून कढईतल्या वड्यापर्यंत सर्वांना ‘फ्राय’ हा एकच शब्द पुरतो. आपल्याकडे तसे नाही. तळणे वेगळे, परतणे वेगळे, भाजणे वेगळे आणि शेकणे वेगळे. कन्नडमध्येही हाच विवेक आहे: तेलात तळणे ते ‘करियुवुदु’ आणि कोरडे भाजणे ते ‘हुरियुवुदु’. ज्याला आपण डाळे म्हणतो, त्याला बंगळुरूच्या बाजारात ‘हुरिगडले’ म्हणतात ते यामुळेच. या कसोटीला लावले तर हे नवे यंत्र तळीत नाही, ते भाजते. हा नुसता शब्दांचा कीस नव्हे. एका घरात या एका शब्दापायी काय घडले ते ऐकल्यावर वाचकांनाही तसे वाटणार नाही.

बंगळुरूच्या मल्लेश्वरम् भागात आमची मावशी राहते. दोन वर्षांपूर्वी काकांच्या हृदयावर शस्त्रक्रिया झाली आणि त्या दिवसापासून घरातली कढई माळ्यावर गेली. बंगळुरूची हवा पावसाळ्यात मोठी फसवी. दुपार ढळली की आभाळ भरून येते, चारच्या सुमारास सर येते आणि मग माणसाला काहीतरी गरम, कुरकुरीत खावेसे वाटते. काका बिचारे चहाबरोबर चुरमुरे खात. त्यांच्या मुलाला ते बघवेना. त्याने एअर फ्रायर आणून दिला आणि शीतकपाटाचा वरचा कप्पा गोठवलेल्या सामोशांनी, टिक्क्यांनी आणि बटाट्याच्या लांब फोडींनी भरून टाकला. “आई, यात तेल अजिबात लागत नाही,” एवढे सांगून तो आपल्या कचेरीला निघून गेला.

मग काय विचारता! तेल नाही म्हटल्यावर पथ्यही नाही. रोज चार वाजता यंत्र घरघरू लागले. आम्ही पाहुणे म्हणून गेलो तेव्हा काकांनी मोठ्या उत्साहाने आपल्या हाताने सामोसे भाजून वाढले आणि ते चांगले झाले होते हेही सांगितले पाहिजे. चार महिन्यांनी नेहमीची तपासणी झाली, तेव्हा रक्तदाब चढलेला आढळला. डॉक्टरांनी आहाराची चौकशी केली, सारे ऐकून घेतले आणि पुढच्या खेपेस रिकामी पाकिटे घेऊन येण्यास सांगितले.

त्या पाकिटांच्या पाठीवर काय होते, हे प्रत्येक घराने एकदा वाचून पाहावे. आपल्या देशातील नियमाप्रमाणे पाकिटावर घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यावी लागते. जे अधिक ते आधी. बटाटा, मैदा यांच्या पाठोपाठ बहुधा खाद्यतेलाचे, पुष्कळदा पामोलिनचे, नाव येते. कारण साधे आहे. गोठवलेल्या टिक्क्या, नगेट्स, बटाट्याच्या फोडी हे बहुतेक पदार्थ कारखान्यातच एकदा तेलातून काढलेले असतात. त्या अर्ध्या तळणीने वरचे आवरण धरते, त्यात तेल मुरते आणि मग पदार्थ गोठविला जातो. घरी यंत्रात तापते ते हेच तेल आणि टिक्कीला सोनेरी रंग येतो तो त्याच्याच कृपेने. म्हणजे ‘तेल लागत नाही’ याचा अर्थ एवढाच, की ते आपल्याला ओतावे लागत नाही. दुसऱ्या तळणीचे तेल वाचते, हा लाभ खराच. पण पहिल्याचे असते तेथेच असते.

तेलापेक्षाही काकांना नडले ते मीठ. पाकिटावर ते ‘सोडियम’ या नावाने येते, त्यामुळे ओळखू येत नाही. सोडियमच्या आकड्याला अडीचने गुणले की मिठाचा अंदाज मिळतो. १०० ग्रॅम पदार्थात ४०० मिलिग्रॅम सोडियम असेल, तर ते १ ग्रॅम मीठ झाले. प्रौढ माणसाने सबंध दिवसात ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते; आणि आपले वरण, भाजी, लोणचे, पापड यांचा हिशेब तर अजून व्हायचाच असतो. गरम वारा तेलाची बचत करील, मिठाला तो काय करणार?

आता यंत्राकडे वळू. त्याच्या वरच्या भागात विजेची तार तापते आणि तिच्यालगत पंखा फिरतो. खाली भोके असलेली टोपली. तापलेली हवा पंख्याच्या जोराने कडेने खाली जाते, टोपलीच्या भोकांतून वर येते आणि अशी गरगरत राहते. स्थिर हवेत कोणत्याही थंड वस्तूभोवती गारव्याचा एक पातळ पदर बसून राहतो व उष्णता आत शिरू देत नाही. पंख्याचा वारा तो पदर उडवून लावतो. उत्तरेकडील वाचकांना हे निराळे सांगावयास नको. जेठ महिन्यात लू सुटली की ओले धोतर दोरीवर टाकून वळेपर्यंत वाळते, आणि निवाऱ्यातले मात्र तितक्याच उष्म्यात ओले राहते. तरीही हवा ती हवाच. तापलेले तेल पदार्थाला सर्व बाजूंनी बिलगून जितक्या वेगाने उष्णता देते, तितकी ती देऊ शकत नाही. म्हणून कढईत चार मिनिटांत होणाऱ्या गोष्टीला येथे बारा ते पंधरा मिनिटे लागतात.

या नावाने हे उपकरण युरोपच्या बाजारात आले ते २०१० साली. बर्लिनच्या प्रदर्शनात फिलिप्स कंपनीने ते मांडले आणि त्यामागची कल्पना फ्रेड व्हान डर वेय या डच संशोधकाची होती. पण त्याचा पूर्वज अधिक जुना आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकेत विल्यम मॅक्सन याने नौदलाच्या विमानांसाठी पंख्याची एक भट्टी तयार केली होती. आणि ती कशासाठी, तर दूरच्या उड्डाणांत गोठवलेली जेवणे गरम करण्यासाठी! गोठवलेला पदार्थ आणि गरम वारा यांची सोयरीक अशी मुळापासूनची आहे.

गोठविण्याची कथाही थोडक्यात सांगून टाकू. पदार्थ सावकाश गोठला की त्यातल्या पाण्याचे मोठे स्फटिक बनतात, ते पेशी फाडतात आणि वितळल्यावर सारे लिबलिबीत होते. झटकन गोठला की स्फटिक बारीक राहतात. क्लॅरेन्स बर्ड्झाय हा अमेरिकन लॅब्राडोरच्या बर्फाळ प्रदेशात राहत असताना, तेथील इन्युइट लोकांनी पकडलेले मासे गार वाऱ्यात क्षणात गोठतात आणि महिन्यांनीही ताज्यासारखे लागतात हे त्याने पाहिले. त्यावरून त्याने यंत्रे बनविली आणि १९३० च्या मार्चमध्ये मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड गावी असे पदार्थ दुकानांतून विकण्यास आरंभ झाला.

बंगळुरूला तयार खाण्याचे वावडे कधीच नव्हते. १९२४ पासून चालत आलेल्या मावळ्ळी टिफिन रूमने १९७० नंतरच्या दशकात, आणीबाणीतील दरनियंत्रणाने उपाहारगृह चालविणे अवघड झाले तेव्हा, तयार पिठे विकावयास घेतली. पुढे ती देशभर गेली. आज या शहरात नवरा-बायको दोघेही दिवेलागणीनंतर घरी पोहोचतात. त्यांनी गोठवलेली टिक्की काढली म्हणून नाक मुरडणे आम्हांला पटत नाही. मात्र ती नीट शिजवावी.

पहिली गोष्ट, पदार्थ वितळवून घेऊ नये. वितळला की बर्फाचे पाणी आवरणात मुरते आणि कुरकुरीतपणा तेथेच संपतो. पाकीट उघडावे, हवे तेवढे काढावे, उरलेले तत्काळ पुन्हा आत ठेवावे. यंत्र आधी तीन-चार मिनिटे रिकामे तापवावे. टोपलीत पदार्थ एकाच थरात, मध्ये बोटभर जागा सोडून मांडावेत. ज्या वाऱ्यासाठी एवढा खटाटोप, त्यालाच वाट नसेल तर खालचे पदार्थ नुसते वाफवले जातात. आमच्या मावशीने पहिल्या दिवशी बारा सामोसे एकावर एक रचले होते आणि वरचे करपले तरी खालचे पांढरेच राहिले. टिक्क्या व लहान सामोसे १८० अंशांवर बारा ते पंधरा मिनिटे, बटाट्याच्या फोडी २०० अंशांवर पंधरा मिनिटांच्या आसपास, आणि निम्म्या वेळी एकदा उलटणे किंवा टोपली हलविणे, हा साधारण हिशेब. प्रत्येक यंत्राचा स्वभाव निराळा असल्याने पहिल्या खेपेस दोन मिनिटे आधीच उघडून पाहावे. कच्च्या पारीचा, कारखान्यात न तळलेला सामोसा असेल तर त्याला बोटाने थोडे तेल पुसावे, नाहीतर पारी पुठ्ठ्यासारखी होते. कोंबडीचे पदार्थ असतील तर रंगावर विश्वासू नये; मधोमध ७४ अंश उष्णता पोहोचली पाहिजे. उष्णतामापक नसेल तर एक तुकडा मोडून आतून वाफ येते की नाही आणि कोठे गुलाबी राहिले आहे काय, हे तरी पाहावेच.

रंग सोनेरी होताच थांबावे. पिष्टमय पदार्थ १२० अंशांवर तापले की त्यांत अॅक्रिलामाइड नावाचे घातक द्रव्य बनू लागते, हे स्वीडनमधील शास्त्रज्ञांनी २००२ साली उजेडात आणले. जितके काळपट तितके ते अधिक. मग ते तेलात काळे करा की वाऱ्यावर.

काही गोष्टी या यंत्राच्या वाट्याला जाऊ देऊ नयेत. भज्यांचे ओले पीठ भोकांतून गळते. पुरी फुगत नाही, कारण तिला चहूबाजूंनी एकदम बसणारा चटका हवा. पापड तर पंख्याच्या वाऱ्याने उडून वरच्या तापल्या तारेला चिकटतो, हा प्रयोग काकांनी स्वतः केला आहे.

विजेचे म्हणाल, तर १५०० वॅटचे यंत्र वीस मिनिटे चालले की अर्धे युनिट जळते. खर्च मोठा नाही. काळजी जोडणीची घ्यावी. भिंतीवरची लहान, ६ अँपिअरची खोबण २३० व्होल्टवर सुमारे १३८० वॅटच पेलते. म्हणून हे यंत्र नेहमी मोठ्या, १६ अँपिअरच्या खोबणीतच लावावे, लांबविलेल्या वायरीवर तर कधीच नाही. १९०५ साली शिवसमुद्रमच्या धबधब्याची वीज येऊन ज्या शहराचे रस्ते उजळले, तेथेही वळवाच्या पावसात वीज जातेच. अशा वेळी शीतकपाट उघडू नये. गच्च भरलेला बर्फाचा कप्पा बंद राहिल्यास सुमारे ४८ तास आणि अर्धा भरलेला सुमारे २४ तास थंडी धरून ठेवतो. गावाला जाताना मावशी एक युक्ती करते. वाटीत पाणी गोठवून त्यावर एक नाणे ठेवते. परत आल्यावर नाणे वर असेल तर ठीक. तळाशी गेलेले दिसले तर मधल्या काळात सारे वितळून पुन्हा गोठले आहे असे समजून पाकिटे टाकून द्यावीत.

२०२५ च्या फेब्रुवारीत पंतप्रधानांनी ‘मन की बात’मधून घरातील तेलाचा वापर दहा टक्क्यांनी कमी करण्याचे आवाहन केले. त्यासाठी हे यंत्र उपयोगी आहे, पण ते आपल्या घरच्या ताज्या वस्तूंना. डॉक्टरांनी काकांना यंत्र बंद करण्यास सांगितले नाही. कप्पा रिकामा करण्यास सांगितले. आता आठवड्यात एकदा, रविवारी, दोन सामोसे. एरवी बटाट्याच्या फोडी घरीच चिरून, अर्धा तास पाण्यात ठेवून, कोरड्या पुसून, एका चमचाभर तेलात घोळून भाजतात. मीठ ताटात आल्यावर, तेही मावशीच्या हातचे. मकरसंक्रांतीच्या सुमारास अवरेकाई, म्हणजे पावट्याचे ओले दाणे, बाजारात येतात, तेव्हा ते सोलून त्यात भाजतात. बाकी दिवशी शेंगदाणे. १६० अंशांवर दहा मिनिटे आणि मधून दोनदा हलविणे. परवाच्या पत्रात काकांनी लिहिले आहे, की साले उडून पंख्याकडे जातात, तेव्हा दाणे गार झाल्यावर बाहेर, गॅलरीत पाखडावेत.