इंटरनेट नेमके कुठे अडले? ‘पिंग’ला विचारा

पावसाळ्यात वीज लपंडाव खेळू लागली की ‘इंटरनेट बंद पडले’ ही तक्रार घरोघरी ऐकू येते. त्यातच ऑनलाइन अर्जाची मुदत संपत आलेली असेल, तर हा खोळंबा महागात पडतो. मात्र बिघाड संगणकात आहे, घरातील राउटरमध्ये आहे, सेवा पुरवठादाराच्या वाहिनीत आहे की पलीकडच्या संकेतस्थळावर, हे या तक्रारीतून कळत नाही. ते शोधण्याचे ‘पिंग’ नावाचे साधे साधन बहुतेक संगणकांत आधीपासूनच असते.

अमेरिकी लष्कराच्या बॅलिस्टिक संशोधन प्रयोगशाळेतील माइक मूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये हा छोटासा प्रोग्रॅम लिहिला. सोनार यंत्रणा पाण्यात ध्वनी सोडते आणि प्रतिध्वनी परत येण्यास लागलेल्या वेळेवरून अंतर ठरवते. त्या ध्वनीवरूनच मूस यांनी हे नाव निवडले. पिंगही दूरच्या संगणकाकडे एक छोटा संदेश पाठवते आणि उत्तर किती मिलिसेकंदांत आले, ते दाखवते.

तपासणीची सुरुवात घरापासून करावी. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘पिंग’ हा शब्द रोमन अक्षरांत टंकित करून पुढे १२७.०.०.१ हा पत्ता इंग्रजी अंकांत द्यावा. उत्तर आले, तर संगणकातील नेटवर्क प्रणाली ठीक आहे. मग राउटरचा पत्ता तपासावा. तो बहुधा १९२.१६८.१.१ असतो. तिसरा पत्ता गुगलच्या सार्वजनिक नाम-सेवेचा, म्हणजे ८.८.८.८. राउटर उत्तर देतो, पण येथून उत्तर येत नाही, तर बिघाड बहुधा घराबाहेरच्या वाहिनीत असतो. शेवटी संकेतस्थळाचे नाव द्यावे. अंकांना उत्तर मिळते, पण नाव सापडत नाही, तर दोष नावाचे अंकांत रूपांतर करणाऱ्या डीएनएस सेवेचा असू शकतो.

वेळेचे आकडेही बोलके असतात. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर धावतो. म्हणजेच दर १,००० किलोमीटर अंतरामागे जाण्या-येण्यास किमान १० मिलिसेकंद लागणारच. त्यामुळे अमेरिकेतील सर्व्हरकडून उत्तर उशिरा आले, तर तो बिघाड नव्हे. घरातील राउटरच शेकडो मिलिसेकंद घेत असेल, तर मात्र वायफायकडे लक्ष द्यावे.

संदेश कोणत्या मार्गाने जातो, हेही शोधता येते. प्रत्येक संदेशावर ‘टीटीएल’ नावाचा आकडा असतो. वाटेतील प्रत्येक राउटर तो एकाने कमी करतो. शून्य होताच संदेश तिथेच टाकून दिला जातो आणि तो राउटर तसे प्रेषकाला कळवतो. विंडोजमध्ये पिंगला ‘-आय’ हा पर्याय देऊन हा आकडा १, २, ३ असा वाढवत नेल्यास वाटेतील एकेक टप्पा आपली ओळख देतो. हेच काम विंडोजमधील ‘ट्रेसर्ट’ आणि लिनक्समधील ‘ट्रेसराउट’ आपोआप करतात.

निष्कर्ष काढताना घाई मात्र नको. सुरक्षेसाठी अनेक सर्व्हर पिंगला उत्तरच देत नाहीत. मार्गाच्या यादीत एखाद्या टप्प्यावर तारांकन दिसले, पण पुढचे टप्पे उत्तर देत असतील, तर वाट मोकळी आहे असे समजावे. शिवाय पिंग विलंब मोजते, डाउनलोडचा वेग नव्हे.

तक्रार नोंदवताना चारही तपासण्यांचे निकाल वेळेसह सोबत द्यावेत. ‘राउटरपर्यंत उत्तर येते, त्यापुढे येत नाही’ असे ठामपणे सांगणाऱ्या ग्राहकाला ‘तुमचा राउटर बंद करून पुन्हा सुरू करा’ एवढ्यावर परत पाठवणे अवघड जाते.