रिकामा वाद्यवृंद : जपानी प्रौढांची गाणी आणि कराओके



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर इतिहास, अर्थशास्त्र, तत्त्वज्ञान असे विषय शोभतात. जपानातील पन्नाशीचे लोक कामावरून सुटल्यावर कोणती जुनी गाणी गातात, याची चर्चा येथे कशाला, असे आपणांपैकी काहींना वाटले असेल. शंका रास्त आहे. परंतु एखादा समाज दिवसा काय बोलतो यावरून तो जितका कळतो, त्याहून रात्री काय गातो यावरून अधिक कळण्याचा संभव असतो. जपानच्या बाबतीत हे विशेष खरे आहे. तेथे मनात असलेले आणि चारचौघांत बोलण्याचे यांसाठी 'होन्ने' आणि 'तातेमाए' असे दोन वेगळे शब्दच आहेत.

प्रथम शब्दाचा अर्थ पाहू. 'कारा' म्हणजे रिकामे. 'ओके' हा 'ओकेसुतोरा', म्हणजे ऑर्केस्ट्रा, या शब्दाचा तोडलेला तुकडा. कराओके म्हणजे रिकामा वाद्यवृंद. वाद्ये सगळी हजर आहेत. गायकाची जागा तेवढी मोकळी ठेवली आहे. त्या मोकळ्या जागेवर ज्याने बसावे तो गायक.

हे यंत्र निघण्यापूर्वी जपानी शहरांतील मद्यगृहांत गिटार किंवा ॲकॉर्डियन घेऊन हिंडणारे साथीदार असत. गिऱ्हाइकाने चार पैसे द्यावे, आवडते गाणे म्हणावे आणि साथीदाराने त्याच्या सुरामागे धावावे, अशी पद्धत होती. कोबे शहरातील इनोउए दाईसुके हा असाच एक वादक. एका कारखानदार गिऱ्हाइकाने त्याला सहलीला बरोबर बोलावले. इनोउएला जाणे शक्य नव्हते, म्हणून त्याने साथ फितीवर मुद्रित करून दिली. त्यातून १९७१ साली त्याने पेटीवजा यंत्र तयार केले आणि अशी अकरा यंत्रे कोब्यातील मद्यगृहांना भाड्याने दिली. नाणे टाकले की साथ सुरू होई. वास्तविक टोकियोत नेगिशी शिगेइची याने १९६७ मध्येच असे यंत्र केले होते; तथापि दोघांचे मार्ग स्वतंत्र होते. इनोउएने आपल्या यंत्राचे पेटंट घेतले नाही. त्याची खरी हुशारी मात्र यंत्रात नव्हती. सामान्य माणसाच्या गळ्याला झेपेल अशा पट्टीत त्याने साथ वाजवली, ही त्याची हुशारी. मूळ गायकासारखे गाता येणे ही अट त्याने काढून टाकली, आणि गाणे पुन्हा लोकांच्या हाती आले.

आता गाण्यांकडे वळू. जपानात जुन्या, हुरहूर लावणाऱ्या गाण्यांना 'नात्सुमेरो' म्हणतात. परंतु जुने म्हणजे किती जुने, हे गाणाऱ्याच्या वयावर ठरते. माणसाच्या आठवणींचा अभ्यास करणाऱ्यांना असे आढळले आहे की, साधारण दहा ते तीस या वयातील आठवणी म्हातारपणीही दाट राहतात. म्हणून प्रत्येक पिढीचे नात्सुमेरो वेगळे.

महायुद्धानंतरच्या पिढीचे उदाहरण घ्या. १९५० च्या दशकापासून १९७० च्या दशकाच्या मध्यापर्यंत ईशान्य जपानच्या खेड्यांतून पंधरा-पंधरा वर्षांची मुले शाळा संपताच खास आगगाड्यांत बसून टोकियोच्या कारखान्यांत व दुकानांत कामाला येत. मालक त्यांना 'सोन्याची अंडी' म्हणत. त्यांच्या गाड्या उएनो स्थानकावर थांबत. १९६४ साली इझावा हाचिरो याने 'आ, उएनो एकी' हे त्या स्थानकावरचे गाणे गायिले. ती मुले पुढे चाळिशीची, पन्नाशीची झाली, कोणी दुकानाचे मालक झाले. पण हे गाणे म्हणताना त्यांच्या हातात पुन्हा गावाकडचे गाठोडे येई. आईबापांस सोडून आलेल्या मुलाला कामाच्या ठिकाणी रडण्याची सोय नव्हती. ती सोय वीस-तीस वर्षांनी या गाण्याने केली, असे म्हटले तर ते चुकीचे ठरू नये.

त्याच काळातले 'उए ओ मुइते आरुको', म्हणजे 'वर पाहत चालू या', हे १९६१ चे गाणे. शब्द एई रोकुसुके याचे, चाल नाकामुरा हाचिदाई याची आणि आवाज साकामोतो क्यू याचा. ते १९६३ साली अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचले. तेथे त्याला 'सुकियाकी' या एका खाद्यपदार्थाचे नाव देण्यात आले, ज्याचा गाण्याशी काडीचा संबंध नाही! साकामोतो १९८५ च्या विमान अपघातात वारला. डोळ्यांतले पाणी खाली पडू नये म्हणून वर पाहणाऱ्या माणसाचे हे गाणे त्यानंतर ऐकणाऱ्यांना अधिकच जड झाले.

१९६६ साली बीटल्स टोकियोच्या बुदोकान सभागृहात गाऊन गेले आणि तरुणांच्या हाती विजेची गिटार आली. अनेक शाळांनी अशा कार्यक्रमांना जाण्यास विद्यार्थ्यांना मनाई केली. ज्यांना तेव्हा मनाई झाली ते आज सत्तरी ओलांडून गेले आहेत आणि तीच गाणी नातवंडांसमोर म्हणतात. विद्यार्थी चळवळीचा जोर ओसरल्यावर, १९७३ साली, कागुयाहिमे या त्रिकुटाचे 'कांदागावा' आले. लहानशा खोलीत राहणाऱ्या गरीब तरुण जोडप्याच्या आठवणींचे ते गाणे आहे. पुढे १९७९ मध्ये सदर्न ऑल स्टार्स या मंडळींचे 'इतोशी नो एली', १९८७ मध्ये ब्लू हार्ट्स या रॉक मंडळींचे 'लिंडा लिंडा' अशी रांग लागते. हे शेवटचे गाणे म्हणण्यापेक्षा ओरडण्याचे आणि उड्या मारण्याचे आहे. गुडघे कुरकुरू लागलेले सभ्य गृहस्थही ते लागले की बसून राहू शकत नाहीत.

आज जे पन्नाशीच्या आसपास आहेत त्यांची कथा निराळी. १९९० च्या सुमारास जपानी भरभराटीचा फुगा फुटला. त्यानंतर महाविद्यालयांतून बाहेर पडलेल्या तरुणांना कायमच्या नोकऱ्या मिळेनात. त्या वर्षांना तेथे 'नोकऱ्यांचे हिमयुग' म्हणतात. १९९३ च्या आरंभी झार्ड या नावाने गाणाऱ्या साकाई इझुमी हिचे 'माकेनाइदे', म्हणजे 'हार मानू नकोस', हे गाणे निघाले आणि घरोघर पोहोचले. ज्याची उमेदीची वर्षे तात्पुरत्या कामांत गेली असा माणूस आज हे गाणे म्हणतो, तेव्हा तो केवळ तारुण्य आठवत नाही. त्या तारुण्याला कोणीतरी दिलेले वचनही आठवतो. ते किती पाळले गेले, हे त्याचे त्याला माहीत असते.

आणखी एक उदाहरण सांगण्याजोगे आहे. नाकाजिमा मियुकी हिचे 'चिजो नो होशी' हे गाणे २००० साली एका दूरदर्शन मालिकेसाठी आले. मोठमोठी धरणे, बोगदे, यंत्रे उभारणाऱ्या अनाम कामगार-अभियंत्यांची ती मालिका होती. गाणे हळूहळू पसरत गेले आणि दोन वर्षांहून अधिक काळानंतर, २००३ च्या जानेवारीत, पहिल्या क्रमांकावर आले. ज्यांचे नाव कोठेच लिहिले गेले नाही अशा मध्यमवयीन नोकरदारांना त्यात आपले नाव सापडले.

या मैफलींचे शिष्टाचारही पाहण्यासारखे आहेत. ज्याचे जे हुकमी गाणे, त्याला 'जूहाचिबान', म्हणजे 'अठरावे', म्हणतात. काबुकी रंगभूमीवरील दांजूरो घराण्याने आपली अठरा नाटके निवडून ठेवली होती, त्यावरून हा शब्द आला. साहेबाचे अठरावे कनिष्ठाने म्हणू नये. ध्वनिक्षेपक एकट्याने बळकावू नये. कोणी बेसूर गायले तरी टाळी द्यावी. सूर चुकला तर हसू नये, हा करार आहे म्हणूनच माणूस तोंड उघडतो.

परंतु येथेच एक अडचण निर्माण झाली आहे. आरंभी फितींवर गाणी मोजकी असत आणि मद्यगृहातील सर्वांना ती ठाऊक असत. १९८५ च्या सुमारास ओकायामा भागात मालवाहू पेटाऱ्याची खोली करून पहिला 'कराओके बॉक्स' निघाला. अनोळखी लोकांसमोर गाण्याऐवजी आपल्याच टोळक्यापुरते गाणे शक्य झाले. १९९२ पासून गाणी तारेवरून येऊ लागली. शिवणयंत्रांसाठी प्रसिद्ध असलेली ब्रदर कंपनीही या धंद्यात उतरली. आता हजारो गाणी बोटाच्या टोकावर आली. प्रत्येकाला स्वतःचे तारुण्य अचूक सापडू लागले, आणि त्याच वेळी सर्वांचे मिळून एक गाणे सापडेनासे झाले. वर्षअखेरच्या 'कोहाकू' या गायनस्पर्धेचा दाखला पुरेसा आहे. १९६३ साली शंभरातील एक्याऐंशी घरांत ती पाहिली गेली; अलीकडे हे प्रमाण त्याच्या निम्म्याहूनही खाली आले आहे. एकट्याने खोली घेऊन एकट्याने गाण्याचीही प्रथा तेथे रूढ झाली आहे. जेथे एकाचे गाणे दुसऱ्याला ठाऊक नाही, तेथे तो पुढच्या गाण्याची यादी चाळत बसतो, आणि गाणारा खोलीत माणसे असूनही एकटा पडतो.

हा प्रश्न केवळ जपानचा नाही. पुण्या-मुंबईत आज निवृत्त मंडळी याच यंत्राच्या साथीवर जुनी हिंदी चित्रपटगीते गाण्यासाठी जमतात. त्यांच्याजवळ अजून सामायिक गाण्यांचा साठा आहे, कारण त्यांचे तारुण्य एकाच रेडिओभोवती गेले. त्यांच्या नातवंडांजवळ तो असेलच असे नाही.

यंत्राने गायकाची जागा मोकळी करून दिली, हे त्याचे मोठेच उपकार होत. परंतु ऐकणाऱ्याची जागा भरणे यंत्राच्या हाती नाही. आपल्याला ठाऊक नसलेले दुसऱ्याचे गाणे शेवटपर्यंत ऐकावे, ते त्याला कोणत्या साली, कोठे भेटले हे विचारावे, एवढे केले तर सामायिक गाणे नसले तरी सामायिक मैफल राहील. घरातील वडीलधाऱ्यांच्या बाबतीत हा प्रयोग आपण आज रात्रीच करू शकतो, आणि त्याला यंत्राचीही गरज नाही.